विमानाच्या घिरट्या आणि आपले भाडे

भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखानदाराने आखातातील ग्राहकाला नमुन्याचा खोका विमानाने पाठवला, की एजंटाच्या बिलात भाड्याबरोबर इंधन अधिभारही येतो. हा अधिभार तेलाच्या जागतिक भावाबरोबर चढतो-उतरतो, हे आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. परंतु विमान कंपनीचे तेल किती जळते, हे विमान कसे उतरते यावरही अवलंबून असते. इकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

आकाशातली रांग

मुंबई विमानतळाबाबत केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये एक हिशोब जाहीर केला. गर्दीच्या वेळी उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानांना 40 ते 60 मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या. विमान तासाला सरासरी 2,000 किलो इंधन जाळते. म्हणजे 40 मिनिटांत 1.7 किलोलिटर, त्या वेळच्या दराने सुमारे 1 लाख 80 हजार रुपयांचे. 60 मिनिटांत अडीच किलोलिटर, सुमारे 2 लाख 60 हजारांचे. एक किलो विमान इंधन जळाले की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे 40 मिनिटांच्या घिरट्यांत चार टनांहून अधिक वायू, आणि विमान आहे तिथेच!

कारण सरळ आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने चालवता येत नाहीत. घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटात ट्रक अडकला, तर चालक निदान इंजिन बंद करू शकतो. विमानाला ती सोय नाही.

यावर उपाय म्हणून गर्दीच्या तासांतील विमानांची ये-जा ताशी 46 वरून 44 वर आणि इतर वेळी 44 वरून 42 वर आणण्यात आली. सकाळी 8 ते 11, सायंकाळी 5 ते 8 आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा हे गर्दीचे तास धरले होते. उड्डाणे कमी करूनही खर्च वाचतो, हा धडा कोणत्याही धंद्याला लागू आहे. कारखान्यात मशीनच्या ताकदीपेक्षा जास्त काम घेतले, तर माल पडून राहतो आणि मजुरी मात्र चालूच राहते.

पायऱ्या की उतार?

रांग नसली तरी उतरण्याच्या रीतीने फरक पडतो. जुन्या रीतीत विमान जिना उतरल्यासारखे येते: थोडे खाली, मग त्याच उंचीवर सरळ, पुन्हा खाली. खालची हवा दाट असते. त्या हवेत सरळ उडत राहायचे तर इंजिनाला जोर लावावा लागतो. चाके आणि पंखांच्या झडपा लवकर बाहेर काढल्या, तर अडथळा आणखी वाढतो.

याउलट सलग उताराच्या पद्धतीत वैमानिक एकदा उतरायला लागला, की इंजिन जवळजवळ मोकळे ठेवून घसरगुंडीसारखा खाली येतो. ढोबळ हिशोब असा की, 35,000 फुटांवरून मुंबईला येणाऱ्या विमानाने सुमारे 200 किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात केली पाहिजे. यात तेल वाचते, धूर कमी होतो आणि खालच्या वस्तीला आवाजाचा त्रासही कमी होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2010 मध्ये या पद्धतीची मार्गदर्शक पुस्तिका काढली.

उपग्रहाची मदतही आता मिळते. 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानात किशनगड येथे इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’ या भारतीय यंत्रणेच्या मार्गदर्शनाने उतरले.

मात्र सलग उतरायचे तर पुढची वाट मोकळी हवी. पुढे दहा विमाने थांबली असतील, तर नियंत्रकाला मागच्याला मध्येच रोखावे लागते. म्हणून खरी बचत वेळापत्रकाच्या शिस्तीत आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे भार वाटला जाऊ शकतो. पण दोन्ही विमानतळ शेजारी आहेत. त्यांच्या उतरण्याच्या वाटा एकमेकींत अडकणार नाहीत, अशी आखणी झाली तरच फायदा होईल.

व्यापाऱ्याने काय करावे?

वाचलेल्या तेलामुळे अधिभार उद्याच कमी होईल, असे नाही. तरीही एजंटाकडे भाड्याचा आणि अधिभाराचा वेगळा हिशोब मागावा. माल निकडीचा नसेल, तर गर्दीच्या तासांबाहेरचे उड्डाण विचारावे. दोन्ही विमानतळांवरील दर ताडून पाहावेत. त्यात मीरा-भाईंदरहून नवी मुंबईपर्यंतचे टेम्पोभाडे धरायला विसरू नये. विमान कंपनीचे वाया गेलेले तेल आज ना उद्या गिऱ्हाइकाच्याच खिशातून वसूल होते.