लेवी बॉडी डिमेन्शिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरभोळेपणा आठवतो. लेवी बॉडी डिमेन्शियाची सुरुवात मात्र पुष्कळदा वेगळ्याच लक्षणांनी होते, आणि घरच्यांची तिथेच फसगत होते. या आजारात अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूच्या पेशींत साचत जातात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये अशा गुठळ्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

गैरसमज : सगळं आठवतं, म्हणजे डिमेन्शिया नाही.
वस्तुस्थिती : सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते. आधी बिघडतं ते लक्ष, हिशेब आणि अंतराचा अंदाज. झोपेत ओरडणं, स्वप्नातल्या मारामारीत खरोखर हातपाय झाडणं हे तर कित्येक वर्षं आधीपासून दिसू शकतं.

गैरसमज : सकाळी ठणठणीत होते, आता नाटक करताहेत.
वस्तुस्थिती : चढउतार हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे. सकाळी पेपर वाचून त्यावर बोलणारे आजोबा दुपारी सदऱ्याची बटणं हातात धरून नुसते बसून राहतात. त्यात त्यांचा काडीचाही दोष नसतो.

गैरसमज : नसलेली माणसं दिसतात, म्हणजे वेड लागलं किंवा बाधा झाली.
वस्तुस्थिती : हे भास मेंदूतल्या बिघाडामुळे होतात आणि अगदी स्पष्ट असतात. ‘कोपऱ्यात मुलं बसलीत, त्यांना खायला द्या,’ असं आजी म्हणाल्या, तर वाद घालू नका. धीर द्या, दिवा लावा, विषय बदला.

गैरसमज : भास होतात ना, मग शांत करायची गोळी द्या.
वस्तुस्थिती : सर्वांत घातक गैरसमज हाच. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी या रुग्णांचं शरीर ताठरू शकतं, शुद्ध हरपू शकते, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात, तरी निदान आधी सांगा. तज्ज्ञांना विचारल्याशिवाय अशी गोळी देऊ नका.

गैरसमज : चाल मंदावली, अंग ताठरलं, म्हणजे नुसता पार्किन्सन्स.
वस्तुस्थिती : दोन्ही आजार एकाच कुळातले आहेत. हालचालींच्या त्रासाआधी किंवा त्यानंतर वर्षभरात डिमेन्शिया सुरू झाला, तर डॉक्टर लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणतात. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना पार्किन्सन्सचं निदान झालं होतं. लेवी बॉडीचा आजार कळला तो २०१४ मध्ये, मृत्यूनंतरच्या तपासणीत.

गैरसमज : बरा होत नाही, मग डॉक्टरांकडे जाऊन काय उपयोग?
वस्तुस्थिती : आजार वाढत जातो, हे खरं. तरी रिव्हास्टिग्मिन, डोनेपेझिल या औषधांनी अनेकांचं लक्ष सुधारतं, भास कमी होतात. उठताना रक्तदाब घसरून तोल जातो, तो सांभाळता येतो. फिजिओथेरपीने पडणं टाळायला मदत होते.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना एक वही न्या. झोपेत काय होतं, भास कधी होतात, किती वेळा पडले, कोणती औषधं चालू आहेत, सगळं लिहा. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत रुग्ण अगदी नीट बोलू शकतो. घरचं चित्र डॉक्टरांना तुम्हीच दाखवायचं आहे.