वयात अडकलेले चौघे

खानदेशच्या अहिराणीत मुलाला आंडोर म्हणतात आणि पोऱ्याही म्हणतात. आंडोर हे नाते आहे. साठी उलटली तरी माणूस आईबापांचा आंडोरच राहतो. पोऱ्या हे वय आहे आणि वय सरते. खानदेशाशी जोडलेल्या मुलग्यांच्या कथांत मात्र ते सरायचे राहून गेले. बालकवी, श्याम, शिरीषकुमार आणि पांडुरंग सांगवीकर या चौघांपैकी दोघे इतिहासातले आणि दोघे पुस्तकातले. चौघांचीही ओळख एकेका वयाला बांधलेली आहे, आणि पहिल्या तिघांच्या बाबतीत ती गाठ थोरामोठ्यांनी मारलेली आहे.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1890 रोजी धरणगावचा. 1907 साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, तेव्हा ठोमरे सोळा-सतरा वर्षांचे होते. मोठ्यांच्या त्या मेळाव्यात पोराने कविता म्हटली, आणि अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. पदवी देणारा मात्र मागे राहिला.

हे अध्यक्ष म्हणजे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढलेले, कविता करणारे आणि त्याहून अधिक वनस्पतींत रमलेले गृहस्थ. बा. दा. बसू यांच्याबरोबर त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो आजही त्या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञाला झाड दिसले की त्याचे कूळ ठरवायचे असते, नाव नोंदवायचे असते. जळगावच्या मांडवात कीर्तिकरांनी जे केले ते फारसे वेगळे नव्हते. फरक इतकाच की रोपट्याचे नाव झाड झाल्यावरही खोटे ठरत नाही, ‘बाल’ ठरते.

ठोमऱ्यांना ते नाव शेवटपर्यंत पुरले. काही काळ ते रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांचा तिथला वावर आला आहे, तोही घरातल्या मुलासारखाच. त्यांच्या कवितेत पुढे उदासीची गडद छटा आली. ‘औदुंबर’सारख्या आठ ओळींच्या कवितेवर समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली. ती काही बालकाची कविता नव्हे. पण वाचकांच्या मनात ‘फुलराणी’चा कवीच राहिला. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रूळ ओलांडताना रेल्वेखाली सापडून ठोमऱ्यांचा अंत झाला. वय 27. कीर्तिकर त्याच्या आदल्या वर्षी गेले होते, आणि त्यांचा वनस्पतींचा ग्रंथ त्याच 1918 साली बाहेर आला. एकाच माणसाने दिलेली ही नावे: वनस्पतींची ग्रंथात बसली आणि मुलाचे त्याच्या मरणाएवढे पक्के झाले.

दुसरा मुलगा श्याम. जन्माने कोकणातला, पण घडला अमळनेरात. त्याचे लेखक पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे सानेगुरुजी, 1923 साली तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 पासून प्रताप हायस्कूलमध्ये शिकवू लागले. वसतिगृह त्यांच्याकडे आले आणि शिक्षकापेक्षा गृहपती मोठा झाला. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट करणे, कंदिलाच्या काचा पुसणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सारे त्यांनी अंगावर घेतले. या वसतिगृहासाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक चालवत. छापील नव्हे, हस्तलिखित. मुले झोपली की लिहायला बसायचे आणि सकाळी ताजा अंक मुलांपुढे ठेवायचा. वाचक एका इमारतीत मावणारे, संपादक त्याच इमारतीत राहणारा. कोणाच्या खोलीत केर साचला, थोरांपैकी कोणाची आठवण काढायची, जगात काय घडले, असे सगळे त्यात एका पंगतीला बसे. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले, तेव्हा ही रात्रीची बैठक छापखान्यापर्यंत पोचली.

मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात या दैनिकाला एखाद-दुसरे वाक्य मिळते. ते कमी आहे. नेमून दिलेल्या मुलांसाठी, नेमाने, एका बैठकीत लिहायची सवय सानेगुरुजींना तिथे लागली. 1930 साली त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हाती आली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, 9 ते 13 फेब्रुवारी या पाच दिवसांत, ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून झाला. पुस्तक 1935 साली निघाले. रात्र झाली की सगळे गोल करून बसतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. घर कोकणातले आणि आईही कोकणातली, पण समोर बसलेले कान वसतिगृहातल्या मुलांचे वाटतात.

पुस्तकातला श्याम गुणी बाळ नाही. पोहायला जायचे म्हणून तो माळ्यावर लपतो आणि आईच्या हातच्या शिंपटीचा मार खातो. पुस्तकाच्या हावेपोटी पाहुण्याच्या पैशाला हात लावतो. भित्रा, हट्टी, लाजरा असा हा मुलगा आहे, आणि गोष्ट सांगणारा प्रौढ श्याम स्वतःला कुठेच सूट देत नाही. वक्तृत्व स्पर्धांनी आणि संस्कार वर्गांनी यातला पश्चात्ताप ठेवला आणि खोडी गाळली. आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि श्यामचे वय कायमचे ठरून गेले. त्याचा चटका श्यामची भूमिका करणाऱ्या माधव वझे यांनाही बसला. पुढे ते नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक झाले, इंग्रजीचे अध्यापन केले. तरी ओळख करून देताना लोकांच्या तोंडी आधी श्यामच येई.

तिसरा मुलगा नंदुरबारचा. हे गाव तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचा कारभार धुळ्यातून चाले. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता हा तिथल्या गुजराती व्यापारी घरातला मुलगा. जन्म 28 डिसेंबर 1926. ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू होऊन बरोबर एक महिना झाला, त्या 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक निघाली. घोषणा गुजरातीत होत्या. माणिक चौकाजवळ पोलिसांनी वाट अडवली आणि गोळीबार केला. शिरीष पडला. वयाची सोळा वर्षे पुरी व्हायला साडेतीन महिने बाकी होते.

गावात ही गोष्ट सांगताना एक प्रसंग हमखास येतो: पोलिसाने बंदूक मुलींच्या दिशेने रोखली आणि शिरीष पुढे होऊन म्हणाला, मारायचे तर मला मार. शौर्यकथेचा हा जुना साचा आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधला गाव्रोश पॅरिसच्या रस्त्यावर गोळ्यांपुढे असाच उभा राहतो. ओडिशात 1938 साली पोलिसांना नावेतून पलीकडे न्यायला नकार देणारा बाजी राऊत अवघ्या बारा वर्षांचा होता. साचा जुना आहे म्हणून नंदुरबारचे रक्त खोटे होत नाही. पण साच्यात एकालाच जागा असते. त्या दिवशीच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. बहुतेक भाषणांत हे ‘शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी’ एवढ्यावर भागते. ज्या मुलींसाठी तो पुढे झाला असे सांगतात, त्या मुलींना तर गोष्टीत नावच नाही. हुतात्म्याचा सन्मान करताना चार नावे उच्चारायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. तेवढे देणे खानदेश लागतो.

चौथ्याची वाट आधीच रुळलेली होती. गावात शाळा संपली की मुलगा शहरात जातो. धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर लागते. इथल्या महाविद्यालयांत साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडची मुले येतात, तिघे-चौघे मिळून खोली करतात, खाणावळ लावतात. गावाहून एसटीने येणारा डबा उघडला की भाकरी कडक झालेली असते आणि ठेचा तेवढा ताजा लागतो. बापाने शेतीच्या पैशातून फी भरलेली असते आणि मुलाला काय व्हायचे ते अजून ठरलेले नसते. सानेगुरुजींच्या वसतिगृहात या मुलाला गृहपती होता. नंतरच्या होस्टेलांत फक्त रेक्टर राहिला.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी हा मुलगा ‘कोसला’त आणला. 1963 साली कादंबरी निघाली तेव्हा ते स्वतः पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, होस्टेलवर राहतो, गॅदरिंगच्या आणि मेसच्या उठाठेवी अंगावर घेतो, कर्ज करून बसतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. मधेच धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. कादंबरीतला सगळ्यात जळजळीत भाग तोच आहे, आणि इथेही मुलाची गोष्ट एका मुलीच्या मरणावर उभी आहे, हे नजरेआड करता येत नाही.

‘कोसला’ची तुलना सॅलिंजरच्या 1951 च्या ‘कॅचर इन द राय’शी अनेकदा झाली. ती अर्धीच जुळते. तिचा नायक होल्डन शहरातला, त्याच्यामागे गाव नाही. पांडुरंगाला परतायला गाव आहे, वाडा आहे, हिशेब मागणारा बाप आहे. नेमाड्यांचा खरा उलटा धागा श्यामकडे जातो. एक पांडुरंग वसतिगृहात मुलांना घडवू पाहत होता. दुसरा वसतिगृहातून काहीच न घडता बाहेर पडतो आणि हे न घडणे लपवत नाही. श्याम आठवणीतून धडा काढतो. सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ म्हणत राहतो आणि उदाहरणातून काही सिद्ध करायचे नाकारतो.

वयाच्या बाबतीत चौघांतला फरक इथेच पडतो. ठोमऱ्यांना बाल ठरवले संमेलनाच्या अध्यक्षांनी, श्यामला पडद्याने, शिरीषला शाळेतल्या भाषणांनी. सांगवीकर पहिल्याच पानावर आपले वय आपल्या तोंडाने सांगतो. दुसऱ्या कोणाला ते ठरवायला जागा ठेवत नाही. त्याला पुढची वर्षे मात्र लेखकानेही दिली नाहीत. ती ‘बिढार’पासून सुरू होणाऱ्या मालिकेतल्या चांगदेव पाटलाला मिळाली: प्राध्यापकाची नोकरी, बदलती गावे, भाड्याच्या खोल्या आणि तिशीकडे सरकणारे वय. त्या पुस्तकांना ‘कोसला’इतके वाचक कधी लाभले नाहीत.