पाण्यात लागणारी आग

रॉकेलात बुडवून ठेवलेला सोडिअमचा तुकडा चिमट्याने बाहेर काढायचा, टिपकागदाने पुसायचा, सुरीने त्याचा वाटाण्याहून लहान कपटा कापायचा आणि पाण्यात टाकायचा. शाळेत हा प्रयोग पाहिलेला माणूस तो सहसा विसरत नाही. कापलेली कड क्षणभर चांदीसारखी चमकते आणि पाहता पाहता निस्तेज होते. पाण्यावर पडताच कपट्याची गोळी बनते आणि फसफसत सैरावैरा धावू लागते. तुकडा मोठा असेल तर स्फोट होतो. पाण्याने आग विझते, हा आपला रोजचा अनुभव. इथे पाणीच आग लावते.

हम्फ्री डेव्हीने १८०७ साली लंडनमध्ये वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशिअम वेगळे केले आणि काही दिवसांतच सोडिअमही. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतले उत्तर ठरलेले आहे. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम या अल्कली धातूंच्या अणूंत सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो सैल धरलेला असतो आणि पाणी तो सहज हिरावून घेते. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, उष्णता निर्माण होते, हायड्रोजन पेट घेतो. अणू जितका मोठा, तितका तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर आणि तितकी धातू तापट.

उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. एक मोल धातूमागे बाहेर पडणारी उष्णता मोजली, तर या बाबतीत शांत लिथिअम सोडिअमच्या पुढे जाते. तरीही ते पाण्यावर नुसते फसफसत राहते. सोडिअम ९८ अंश सेल्सिअसला वितळते, लिथिअमला १८० अंश लागतात. त्यामुळे ते घट्टच राहते आणि पाण्याला धातूचा नवा पृष्ठभाग मिळत नाही. म्हणजे प्रश्न केवळ किती ऊर्जा आहे हा नसून, ती किती वेगाने बाहेर पडते हाही आहे.

इथेच खरे कोडे आहे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच आटत नाही. स्वतःच्याच वाफेच्या गादीवर नाचत राहतो. सोडिअमभोवतीही वाफेचा आणि हायड्रोजनचा असाच पडदा तयार व्हायला हवा. त्याने धातू आणि पाणी वेगळे पडून अभिक्रिया मंदावायला हवी. मग स्फोट होतो कसा?

प्रागमधील चेक विज्ञान अकादमीतले पावेल युंगविर्त, फिलिप मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. सोडिअम आणि पोटॅशिअम यांचे, खोलीच्या तापमानाला द्रव असणारे संमिश्र त्यांनी थेंबाथेंबाने पाण्यात टाकले आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. पाण्याला स्पर्श झाल्यावर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत थेंबातून धातूचे काटे बाहेर फेकले जाताना दिसले. संगणकीय गणिताने कारण सांगितले. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही लाख कोटीव्या भागांत, पाण्यात निघून जातात. मागे उरतात ते धनभारित आयन, एकमेकांना खेटून. समान भारांचे प्रतिकर्षण इतके प्रबळ होते की पृष्ठभागच फाटतो. काट्यांमुळे कोरी धातू सतत पाण्याला भिडते, वाफेचा पडदा टिकत नाही. हायड्रोजन पेटतो, पण स्फोटाची सुरुवात त्याच्या आधीच झालेली असते.

याच गटाने २०२१ मध्ये निर्वातात अशाच थेंबावर पाण्याच्या वाफेचा अतिशय पातळ थर चढवला. स्फोट टळला, धातूचे इलेक्ट्रॉन त्या थरात पसरले आणि पाणी काही सेकंद सोन्यासारखे झळकले. तेवढा वेळ ते विजेचे वाहक, म्हणजे धातूसारखे झाले होते.

दोनशे वर्षे वर्गावर्गांतून दाखवलेल्या प्रयोगाची पहिली अर्धी मिलिसेकंद कोणी नीट पाहिलीच नव्हती. उत्तर हाती असल्याने प्रश्न संपला असे वाटत होते. फराळाच्या ताटातल्या चिवड्यात हेच सोडिअम मीठ होऊन निवांत बसलेले असते, कारण आपला तो एक इलेक्ट्रॉन त्याने केव्हाच देऊन टाकलेला असतो.