पाळलेला साप खायला तयार नाही? बळजबरी का करू नये?

पेटीत उंदीर ठेवला. साप जवळ आला, दोन-तीनदा जीभ बाहेर काढली आणि तोंड फिरवून पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. आठवडे उलटले तरी तेच. अशा वेळी मालक घाबरतो आणि सापाच्या तोंडात बळजबरीने घास कोंबायला जातो. खरा धोका तिथेच सुरू होतो.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घरोघरी पाळल्या जाणाऱ्या 'बॉल पायथन'बाबत हे नेहमी घडतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, म्हणून हे नाव.

इतके दिवस उपाशी कसा राहतो?

आपण जे खातो, त्यातला मोठा भाग शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. साप ही ऊब बाहेरून घेतो, त्यामुळे त्याला अन्न फार कमी लागतं. थंडीच्या आणि विणीच्या काळात धडधाकट, वाढ झालेला बॉल पायथन काही महिने खात नाही. कात टाकण्याआधी डोळे धुरकट होतात, तेव्हाही तो भक्ष्याला शिवत नाही.

मग चुकतं कुठे?

बऱ्याचदा पेटीतच. पेटीची एक बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी लागते. पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. लपायला जागा नसेल तर साप सतत धास्तावलेला राहतो. नव्या घरात आणलेल्या सापाला आठवडाभर हातही न लावलेला बरा.

दुसरं कारण भक्ष्याचं. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला 'शिकार' वाटतच नाही. म्हणून गोठवलेला उंदीर आधी फ्रिजमध्ये वितळवतात, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवतात. मायक्रोवेव्ह वापरायचा नाही, कारण त्यात उंदीर आतून शिजतो किंवा फुटतो. उंदराची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाएवढी पुरे. रात्री दिवे मंद करून, लांब चिमट्याने तो हळूच पुढे करायचा. सापाने घेतला नाही तर काढून घ्यायचा आणि आठवड्याभराने पुन्हा प्रयत्न करायचा. रोज रोज समोर धरल्याने साप आणखी बिथरतो.

जिवंत उंदीर सोडला तर?

भूक नसलेला साप शांत पडून राहतो आणि उंदीरच त्याला कुरतडतो. अशा जखमा जीवघेण्या ठरू शकतात. बळजबरीने भरवल्यास तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा होते, शिवाय साप घास उलटून टाकतो. तशी वेळ आलीच, तर ते काम पशुवैद्यकाचं.

काळजी कधी करायची?

दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजा. दीड किलोच्या सापाचं वजन दीडशे ग्रॅमने, म्हणजे दहा टक्क्यांनी घटलं, तर डॉक्टर गाठायला हवा. तोंडातून फेस, श्वास घेताना घरघर किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे दिसले, तर वजन घटायची वाटही पाहू नये. पिल्लांच्या अंगात साठा कमी असतो, त्यामुळे त्यांच्याबाबत आणखी लवकर. ताजं पाणी मात्र रोज हवंच.

भारतात काय नियम आहेत?

रील पाहून शेतातला साप घरी आणायचा विचार असेल, तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला साप पकडून पाळणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि सापाने तोंड फिरवलंच, तर आधी थर्मामीटर बघा, मग वजनकाटा. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.