फसफसणारी वाईन आणि आपला करार

मैत्रिणींनो, शिर्डीहून संगमनेरमार्गे पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथं शामराव चौगुले यांच्या कुटुंबानं १९८०च्या दशकात फ्रेंच पद्धतीनं फसफसणारी वाईन काढली, 'ओमर खय्याम' नावानं परदेशी पाठवली. द्राक्षं जरा आंबट असतानाच तोडायची, रस आंबवायचा, मग बाटलीत साखर अन् यीस्ट घालून पुन्हा आंबवायचा. आत कोंडलेला वायू म्हणजेच ते बुडबुडे. प्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण २००८ नंतर ती कंपनी कर्जात बुडाली. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची. वायनरीनं घेतली नाहीत तर खायला कोण विकत घेणार? म्हणून आम्ही गटात सांगतो, वेल लावण्याआधी भाव, तोडणी आणि पैशांची तारीख कागदावर घ्या. करार इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, सही त्यानंतर.