लाल रंगाचा पुरावा

रूबेन मामूलियन यांनी दिग्दर्शित केलेला आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९४१ साली प्रदर्शित केलेला 'ब्लड अँड सँड' हा स्पेनमधील बैलझुंजीवरचा चित्रपट आज जो तो आपापल्या घरच्या पडद्यावर पाहतो. मात्र व्हीएचएस कॅसेट, डीव्हीडी आणि त्यानंतरच्या उच्च विभेदनाच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकाच प्रसंगातील नायकाचा चेहरा, रिंगणातील वाळू आणि हातातील लाल कापड प्रत्येक ठिकाणी निराळ्या रंगाचे दिसते. यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटला तरी त्याचे उत्तर रसायनशास्त्रात, प्रकाशशास्त्रात आणि एका स्टुडिओने घेतलेल्या फार महागात पडलेल्या निर्णयात दडलेले आहे. व्हिसेंते ब्लास्को इबान्येस या स्पॅनिश लेखकाच्या १९०८ सालच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात टायरोन पॉवर, लिंडा डार्नेल आणि रिटा हेवर्थ यांच्या प्रमुख भूमिका असून, त्याचे छायालेखक अर्नेस्ट पामर आणि रे रेनाहान यांना रंगीत छायालेखनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. म्हणजेच ज्या गुणासाठी चित्रपटाचा गौरव झाला, तोच गुण आज सर्वाधिक संशयाच्या छायेत आहे.

या संशयाचे मूळ समजण्यासाठी त्या काळातील टेक्निकलर पद्धतीची रचना पाहावी लागते. तिच्या अवजड कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश एका लोलकावर पडे आणि त्याच्या आतील अर्धपारदर्शक पृष्ठभागामुळे तो दोन वाटांनी विभागला जाई. सरळ जाणारा भाग हिरव्या गाळणीतून एका फिल्मवर पडे, तर काटकोनात वळलेला भाग एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्मवर पडे, ज्यांतील पुढची निळ्या प्रकाशाची आणि मागची लाल प्रकाशाची नोंद घेई. या तिन्ही फिल्म कृष्णधवलच असत. रंग त्यांत कोठेही नसे, तर एकाच क्षणाच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे प्रमाण तेवढे करड्या छटांच्या रूपाने साठवलेले असे. लाल प्रकाशाला पुढच्या फिल्मच्या थरातून पार होऊन मागे पोहोचावे लागत असल्यामुळे तो वाटेत थोडा विखुरला जाई आणि तिन्हींत लाल नोंदच सर्वांत कमी रेखीव राही.

प्रत्यक्ष रंग अवतरत असे तो प्रिंट काढताना. प्रत्येक निगेटिव्हवरून जिलेटिनचा उंचसखल थर असलेली एक छापफिल्म तयार केली जाई, ती ठरावीक रंगद्रव्यात बुडवली जाई आणि मग कोऱ्या फिल्मवर दाबून तो रंग तिच्यावर उतरवला जाई. अशा रीतीने पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा असे तीन रंग एकावर एक बसले की चित्र पूर्ण होई. या पद्धतीला रंगहस्तांतरण म्हणतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही पूरक रंगांची पद्धत असल्यामुळे पडद्यावर दिसणारे लाल कापड लाल रंगाने रंगवलेले नसे, तर किरमिजी आणि पिवळ्या थरांच्या एकत्र येण्यातून, आणि निळसर-हिरव्या थराच्या अनुपस्थितीतून, ते लाल दिसे. रंगद्रव्ये बाहेरून आणून छापलेली असल्यामुळे त्यांची निवड टिकाऊपणा पाहून करता येई आणि म्हणूनच ऐंशी वर्षांपूर्वीच्या अशा प्रिंटमधले रंग आजही बऱ्याच अंशी शाबूत आढळतात.

मामूलियन यांना हे तंत्र चांगले परिचित होते, कारण तीन निगेटिव्हच्या पद्धतीने पूर्णपणे चित्रित झालेला पहिला कथापट, १९३५ सालचा 'बेकी शार्प', त्यांच्याच नावावर आहे. 'ब्लड अँड सँड'साठी त्यांनी स्पॅनिश चित्रकारांना गुरुस्थानी मानले: नायकाच्या गरीब घरासाठी मुरियोचे तपकिरी रंग, रिंगणासाठी गोया आणि प्रार्थनागृहासाठी एल ग्रेकोचे थंड, राखाडी-हिरवट वातावरण त्यांनी पुढे ठेवले, आणि चित्रीकरणस्थळी रंग फवारण्याचे यंत्र जवळ बाळगून नको तेथे चमकणारे कापड किंवा वस्तू ते जागच्या जागी दबवून टाकत. अशा चित्रपटात सावलीतला हिरवट राखाडी रंग उबदार तपकिरी झाला, तर ती केवळ तांत्रिक उणीव राहत नाही. दिग्दर्शकाने म्हटलेले वाक्यच बदलते.

बैलझुंजीचा विषय रंगाच्या परीक्षेला विशेष सोयीचा आहे. गोव्यातील धिरयोत बैल बैलाशी झुंजतो, तर स्पेनमधील या प्रकारात माणूस बैलासमोर उभा राहतो आणि त्याच्याजवळ दोन प्रकारची कापडे असतात: आरंभीच्या टप्प्यांत वापरला जाणारा, एका बाजूने किरमिजी आणि दुसऱ्या बाजूने बहुधा पिवळा असलेला मोठा झगा, म्हणजे कापोते, आणि अखेरच्या टप्प्यात काठीवर धरलेले लहान लाल कापड, म्हणजे मुलेटा. बैलाला लाल रंगाची चीड असते, ही समजूत निराधार आहे; गुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्यामुळे लाल रंग त्यांना माणसाप्रमाणे वेगळा दिसत नाही आणि बैल धावून जातो तो कापडाच्या हालचालीवर. लाल रंग आहे तो प्रेक्षकासाठी. त्यामुळे एखाद्या आवृत्तीत किरमिजी कापोते आणि लाल मुलेटा यांच्यातील फरक स्पष्ट राहतो की दोन्ही एकाच गुलाबट छटेकडे झुकतात, एवढे पाहिले तरी त्या आवृत्तीच्या रंगांची प्रकृती कळू लागते.

आता त्या महागात पडलेल्या निर्णयाकडे वळता येईल. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चित्रपटांच्या फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असून एकदा पेटला की स्वतःतूनच ऑक्सिजन पुरवत पाण्याखालीही जळत राहतो. फॉक्सचाच न्यू जर्सीतील साठा १९३७ साली आगीत गेला होता, आणि पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट रिळांना २००३ साली लागलेली आग मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. हा धोका आणि साठवणुकीचा खर्च टाळण्यासाठी फॉक्सने १९७० च्या दशकात आपल्या टेक्निकलर चित्रपटांच्या तिन्ही कृष्णधवल नोंदी एकाच रंगीत फिल्मवर एकत्र उतरवून घेतल्या आणि मूळ निगेटिव्ह नष्ट केल्या. यासाठी वापरलेली ईस्टमन कंपनीची रंगीत रिव्हर्सल फिल्म १९६८ साली बाजारात आली होती; तिच्यामुळे निगेटिव्हवरून थेट दुसरी निगेटिव्ह मिळे आणि मधली एक पायरी वाचे, हा तिचा फायदा होता. परंतु तिच्यातील रंगद्रव्ये फिल्म धुताना रासायनिक क्रियेने तयार होणारी आणि अल्पायुषी होती. कृष्णधवल निगेटिव्हमधील चांदीचे कण शतकभर टिकू शकतात, आणि त्यांच्या जागी काही दशकांत उडणारे रंग आणून बसवले गेले. कालवलेल्या भातातून वरण पुन्हा वेगळे काढता येत नाही, तशीच अवस्था या एकत्रित नोंदीची होते: त्या वेळी तीन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नसतील, किंवा एखाद्या नोंदीचा उठाव कमीअधिक झाला असेल, तर तो दोष कायमचा चित्राचा भाग बनतो.

ज्या चित्रपटांच्या तिन्ही निगेटिव्ह वाचल्या, त्यांची स्थिती किती निराळी असते हे मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांच्या 'द रेड शूज' या १९४८ सालच्या चित्रपटावरून दिसते. त्याच्या निगेटिव्हवर बुरशी चढली होती आणि तीन फिल्म वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्यामुळे वस्तूंच्या कडांना रंगीत झालर येत होती. तरीही प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे स्कॅन करून आणि संगणकावर एकमेकींशी जुळवून घेऊन २००९ साली कान महोत्सवात त्याची झळझळीत आवृत्ती दाखवता आली. मूळ नोंदी हाती असताना त्यांचे नुकसान भरून काढणे म्हणजे दुरुस्ती. 'ब्लड अँड सँड'च्या बाबतीत जीर्णोद्धार करणाऱ्यांना दुरुस्तीबरोबर अनुमानही करावे लागते, आणि दोन तज्ज्ञांची अनुमाने सारखी निघण्याचे काही कारण नाही.

या अनुमानावर पुढे घरगुती माध्यमाच्या मर्यादांची भर पडते. व्हीएचएसमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कितीतरी ढोबळपणे नोंदवली जाई, त्यामुळे लाल कापड आपल्या कडेबाहेर ओघळलेले दिसे. अमेरिकी डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ४८० बिंदूंचे, तर ब्लू-रेचे १९२० बाय १०८० बिंदूंचे असते. परंतु दोन्हींत रंगाची माहिती प्रत्येक दिशेने निम्मीच ठेवलेली असते, म्हणजे ब्लू-रेवर रंग प्रत्यक्षात ९६० बाय ५४० बिंदूंत साठवलेला असतो. माणसाची दृष्टी बारकावे मुख्यतः उजेड-अंधारावरून टिपत असल्यामुळे ही काटकसर सहसा लक्षात येत नाही. लाल रंगाशी मात्र तिचे जमत नाही, कारण उच्च विभेदनाच्या मानकात उजळपणा मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तर लालचा केवळ २१ टक्के धरला जातो. साहजिकच गर्द लाल मुलेटा आणि काळसर बैल यांच्या सीमेवर उजळपणाचा फरक थोडा आणि रंगाचा फरक मोठा असतो, आणि नेमकी तीच माहिती कापलेली असते. भारतात किंवा युरोपात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत आणखी एक गंमत होते: सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने धावत असल्यामुळे १२५ मिनिटांचा हा चित्रपट १२० मिनिटांत संपतो आणि सुधारणा केली नसेल तर त्यातील गिटारचा सूरही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो.

रेखीवपणाच्या बाबतीत घरगुती प्रेक्षकांची, आणि पुष्कळदा समीक्षकांचीही, फसगत होते. रंगहस्तांतरणात द्रव रंग किंचित पसरत असल्यामुळे १९४१ सालचे प्रिंट मुळात मऊ दिसत. त्यामुळे आवृत्ती जितकी धारदार तितकी मुळाशी प्रामाणिक, हे समीकरण येथे टिकत नाही. याउलट प्रतीवरून प्रत काढल्याने वाढलेले फिल्मचे दाणे पुसून टाकण्यासाठी संगणकीय गाळणी जोरात वापरली, तर बैलझुंजाराच्या जरीकामाच्या पोशाखातील टाके आणि चेहऱ्यावरची त्वचाही त्यांच्यासोबत पुसली जाते. दाणे राहू देणे हा कमी वाईट पर्याय होय. त्याचप्रमाणे दोन चौकटी शेजारी ठेवल्यावर अधिक भडक आणि उजळ असलेली चौकट पहिल्या नजरेला सरस भासते, परंतु डोळा काही वेळात कोणत्याही रंगछटेशी जुळवून घेतो, त्यामुळे स्थिर चित्रांवरून दिलेला निवाडा नेहमीच कच्चा असतो.

मग कसोटी कोणती? उत्तर एकच आहे: त्या काळात काढलेले रंगहस्तांतरणाचे मूळ प्रिंट. जीर्णोद्धार करणारे तंत्रज्ञ असे प्रिंट योग्य प्रकाशात दाखवून त्याच्याशी आपले रंग ताडून पाहतात. तथापि हा साक्षीदारही सर्वस्वी विश्वसनीय नव्हे. एका खेपेचे प्रिंट दुसऱ्या खेपेपेक्षा वेगळे निघे, आणि चित्रपटगृहातील कार्बनच्या ज्योतीचा प्रकाश आजच्या दूरदर्शन संचाच्या पांढऱ्या रंगापेक्षा थोडा पिवळसर असे. संदर्भ बदलला की निष्कर्ष किती बदलतो, याचे उदाहरण फॉक्सच्याच 'द गँग्ज ऑल हिअर' या १९४३ सालच्या चित्रपटाने दिले: २००७ सालच्या डीव्हीडीतील फिके रंग लोकांना खटकले आणि पुढच्याच वर्षी अधिक गडद रंगांची नवी डीव्हीडी काढावी लागली. दोन्ही डीव्हीडींचा स्टुडिओ एकच होता.

बैलझुंजीच्या दुसऱ्या एका चित्रपटाचा जीर्णोद्धार मात्र रंगाशी निगडित नव्हता. 'ब्लड अँड सँड'च्या वेळी रिंगणातील हालचालींचे तांत्रिक सल्लागार असलेले बड बेटिकर यांनी पुढे १९५१ साली 'बुलफायटर अँड द लेडी' हा स्वतःचा कृष्णधवल चित्रपट केला; १२४ मिनिटांचा तो चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी कापून ८७ मिनिटांचा करण्यात आला आणि कापलेला भाग कित्येक वर्षांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने पुन्हा जोडला. तेथे तुलना करण्यासाठी घड्याळ पुरेसे आहे.

'ब्लड अँड सँड'ची कोणतीही आवृत्ती पाहणाऱ्याने प्रथम दूरदर्शन संचावरील 'व्हिव्हिड' नावाची भडक रंगयोजना आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ही रंगयोजना निवडावी आणि जवळजवळ चौकोनी असलेले मूळ चित्र पडदा भरण्यासाठी ताणू नये. एवढे केल्यावर जे लाल दिसेल, ते त्या आवृत्तीच्या कर्त्यांचे मत समजावे. १९४१ सालच्या मुलेटाचा रंग पाहायचा असेल, तर एखाद्या संग्रहालयाने जुने नायट्रेट प्रिंट पडद्यावर लावण्याची वाट पाहावी.