नसलेला दगड कसा पाहायचा?

मंडळी, मागल्या वेळी पडद्यावर अनिश कपूर यांचं एक शिल्प दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "यात आहे काय? नुसतं भोक!" मला तो शेरा आवडला. आज त्यावरच बोलतो.

आपल्याकडे विहीर कशी मोजतात, हे साक्रीकरांना मी सांगायला नको. इतके परस खोल. पैसे द्यायचे ते मुरूम, दगड काढून टाकण्याचे. म्हणजे व्यवहारात 'काही नाही'ची किंमत आपण मोजतोच. शिल्पापाशी आलो की मात्र अडतो.

वैशेषिकांच्या परंपरेत पुढे 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला गेला. नैयायिक त्याला एक अट घालतात: अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. 'जमिनीवर घडा नाही' हे ज्याला घडा माहीत आहे त्यालाच कळतं. आता पाहा, मोकळ्या माळावर पोकळी भरपूर असते, पण ती आपण पाहत नाही. तिथं कशाची अपेक्षाच नसते. दगडात भोक पाडलं की तिथला नसलेला दगड दिसायला लागतो.

मुंबईत १९५४ साली जन्मलेल्या कपूर यांचं १९८९चं 'व्हॉइड फील्ड' घ्या. वालुकाश्माचे ओबडधोबड ठोकळे, प्रत्येकाच्या माथ्यावर एक लहानसं काळं छिद्र. बस्स. आत गडद रंग, त्यामुळे नजरेला तळ लागत नाही. एवढा जड दगड, आणि आतून पोकळ तर नसेल ना, अशी शंका येते. अमेरिकेतल्या डोनाल्ड जड यांचे खोके असं काही लपवत नाहीत. मला ते जरा कोरडेच वाटतात.

कपूर यांचंच १९९२चं दुसरं काम: जमिनीत अडीच मीटर खोल काळा खड्डा. वरून सपाट वर्तुळ रंगवल्यासारखं दिसतं. २०१८ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्यात पडला. हसू नका! दोरीवर साप दिसावा, तसा त्याला खड्ड्यावर रंग दिसला. शास्त्री मंडळी अभावाची चर्चा बसून करतात हो; याला तो अंगाला लागला.

आता वेरूळला जाल तेव्हा कैलास लेण्यात आधी देवळाकडे पाहू नका. आठव्या शतकात वरून खाली खोदत आणलेलं ते काम. भोवतीच्या अंगणात उभे राहा आणि कड्याकडे पाहा. तुम्ही उभे आहात तिथं डोक्याच्या वरपर्यंत दगड होता.